भोकाची कड

जोराच्या वाऱ्यात ताडपत्री बहुधा मधोमध फाटत नाही. फाटते ती दोरी ओवलेल्या भोकापासून. यामागचे गणित जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८मध्ये मांडले. रुंद पत्रा ताणला आणि त्यात एक गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला इतर भागाच्या तिप्पट ताण येतो. कापडाची गत आणखी वाईट. भोक पाडताना धागे कापले जातात आणि दोरीचा सारा ओढा कडेच्या मोजक्या धाग्यांवर पडतो. एक तुटला की पाळी शेजारच्याची.

म्हणून भोकाला धातूची कडी ठोकतात. तिचे ओठ कापडाला दोन्ही बाजूंनी धरतात, ओढा घेरभर वाटला जातो आणि दोरी धाग्यांना घासत नाही. बुटाच्या नाडीसाठी असते ते आयलेट. ताडपत्रीचे मोठे, खाली वॉशर असलेले, ते ग्रोमेट. कडी पितळेची बरी, कारण लोखंडाचा गंज सुती कापड खातो. मध्ययुगीन युरोपातले शिंपी मात्र कापड कापतच नसत. टोच्याने धागे बाजूला सारायचे आणि कडेने दाट टाके घालायचे. एकही धागा न तोडता मिळालेले ते भोक मला धातूच्या कडीपेक्षा हुशारीचे वाटते.

‘आयलेट’ हा ‘आय’ला शेपूट जोडून केलेला शब्द दिसतो, पण तो इंग्रजीत घडलेला नाही. जुन्या फ्रेंचमधल्या ‘डोळा’ या शब्दाचे ते लघुरूप. मुळाशी लॅटिन ‘ओक्युलस’. आधी इंग्रजीत तो ‘ऑयलेट’सारखा होता, मग ‘आय’च्या ओढीने बदलला. युरोपातल्या किल्ल्यांच्या तटांतील बाण सोडायच्या फटींनाही हेच नाव होते; आपल्या गडांवर त्यांच्या नात्यातल्या त्या जंग्या.

‘ग्रोमेट’ मात्र घोड्याच्या तोंडचा. लगामाला जोडलेल्या, हनुवटीखालच्या साखळीचे फ्रेंच नाव खलाशांनी दोराच्या कड्याला दिले. दोराचा एकच पदर स्वतःभोवती तीनदा वळवला की हे कडे तयार. शिडाच्या भोकांत ते शिवून टाकत.

आता हा शब्द कानाच्या डॉक्टरांकडेही ऐकू येतो. पडद्यामागे द्रव साचून मुलाला कमी ऐकू येऊ लागले, तर पडद्याला बारीक छेद देतात. पण इथे अडचण नेमकी उलटी. कापडातले भोक वाढत जाते, पडद्यातले काही दिवसांतच बुजते. ते उघडे राहावे म्हणून १९५४मध्ये अमेरिकी डॉक्टर आर्मस्ट्राँग यांनी त्यात प्लॅस्टिकची नळी बसवली. आजचे इवलेसे ग्रोमेट साधारण वर्षभर टिकते. मग पडद्याची वाढणारी त्वचाच त्याला बाहेर ढकलते.