बालरोगतज्ज्ञ झाल्यावर पुढे काय?

गावातला मुलगा डॉक्टरकीला लागला की आपण हिशेब मांडतो. पाच-सहा वर्षांत दवाखाना थाटील, घरच्यांच्या कष्टांचं चीज होईल. लहान मुलांच्या डॉक्टराच्या बाबतीत मात्र हा हिशेब पुरत नाही.

एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे, उमेदवारीचे एक, मग प्रवेशपरीक्षा आणि बालरोगाच्या एम. डी.ची तीन वर्षे. साडेआठ वर्षे तर सरळ गेली. ही शेवटची तीन वर्षे तो रुग्णालयातच राहतो. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय ही अशा शिक्षणाची ठिकाणं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या कामगारांची मुलं अशाच रुग्णालयांत येतात.

पदवी हाती आली, की वाटा चार. स्वतःचा दवाखाना, मोठ्या रुग्णालयात पगारी काम, सरकारी नोकरी, नाहीतर नवजात बालकांच्या शास्त्राची आणखी तीन वर्षे. यातून निवड कशी होते? पगार पाहिला जातो, हे खरंच. पण तेवढंच नव्हे. दवाखान्यात खोकला-तापाचं मूल तपासून घरी पाठवता येतं. कमी वजनाच्या तान्ह्या बाळाला मात्र ऊब हवी, प्राणवायू हवा, रात्रभर श्वास मोजणारी परिचारिका हवी. एकटा डॉक्टर चोवीस तास जागेल किती दिवस? म्हणून तो विचारतो: पाळी घ्यायला दुसरा कोण? शिकलेली परिचारिका आहे का? बाळ अत्यवस्थ झालं तर गाडी आहे का? याला चोचले म्हणू नका. यांवाचून त्याची विद्या वाया जाते.

असा आधार उभा करता येतो. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी खेड्यातलं रुग्णालय शहरातल्या रुग्णालयाशी जोडलं, गावातल्याच माणसांना आरोग्याचं काम शिकवलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना तान्ह्या बाळांची निगा शिकवली; तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत अनेकदा जाते, ती याच विचाराने. तिने दुखणं वेळीच ओळखलं, तर डॉक्टरापुढे येणारं बाळ हाती लागण्याजोगं असतं.

तेव्हा गुरुजी, डॉक्टर होऊ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ही वर्षे आणि या वाटा आधीच सांगा. आणि गावकरी मंडळी, ग्रामसभेत ‘मुलांचा डॉक्टर का येत नाही?’ एवढंच विचारू नका. आपल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री परिचारिका किती, प्राणवायू आहे का, डॉक्टराला राहायला घर आहे का, हेही विचारा. एखादं बाळ अंगावर प्यायचं थांबलं, गार पडलं, किंवा धापा टाकू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.