जिल्हा परिषदेच्या शाळेचं वर्ष

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिरलं की ओट्यावरचा फळा आधी वाचावा. वर तारीख-वार, मग सुविचार, मग पट आणि हजेरी, मुलामुलींची वेगवेगळी. खालच्या कोपऱ्यात पुढच्या पंधरवड्यात काय काय व्हायचं आहे ते लिहिलेलं असतं : पालकसभा, दिंडी, आरोग्य तपासणी, केंद्राच्या क्रीडा स्पर्धा, जयंती. हा कोपरा मला पटाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. साठ मुलांच्या द्विशिक्षकी शाळेत गाव वर्षातून किती वेळा येतं, कशासाठी येतं आणि आल्यावर मागे काय ठेवून जातं, यावर त्या शाळेचं बरंचसं आयुष्य ठरतं.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं यातल्या असंख्य शाळा चावडीत, देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत भरत. पुढे जागा गावातल्याच कुणीतरी दिली, पायाचे दगड बैलगाड्यांतून आले. आजही जुन्या शाळेत मान वर केली तर पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरं फिरताना दिसतात. कपाटावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, फाटकाच्या कमानीवर नाव. पगार आणि पुस्तकं सरकारची, पण बाकीच्या वस्तूंवर गावाची नावं. ही शाळा कुणाची, या प्रश्नाचं उत्तर गेली साठ वर्षं असं दोघांत वाटलेलं आहे.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं कागद सांगतो. खरं तर ते एप्रिलच्या उन्हात सुरू होतं. गुरुजी आणि बाई दाखलपात्र मुलांची यादी घेऊन वस्त्या-वाड्या फिरतात, पाच-सहा वर्षांचं कोण कुठे आहे ते टिपतात. मग शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. पटांगणात टेबलं मांडलेली असतात आणि पहिलीत येणारं मूल आईचं बोट धरून एकेका टेबलाकडे जातं : कुठे दोरीवरून चालायचं, कुठे मणी ओवायचे, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगायची, कुठे जास्त-कमी ओळखायचं. मुलाला काय जमलं ते विकासपत्रावर लिहितात आणि ते पत्र आईच्या हातात देतात. सुट्टीत घरी काय करून घ्यायचं हे त्या वस्तीतल्या मातांच्या गटाला समजावून सांगतात. ज्या बाईनं स्वतः चौथीनंतर शाळा पाहिलेली नाही, तिला शाळा पहिल्यांदा सहकारी म्हणून बोलावते, ती या दिवशी. वर्षभरातल्या सगळ्या कार्यक्रमांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण यात व्यासपीठ नाही, हार नाहीत, पाहुणे नाहीत.

जूनच्या मध्याला शाळा उघडते. विदर्भात ऊन लवकर उतरत नाही, म्हणून तिथे महिनाअखेर उजाडते. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. सजवलेल्या बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नव्या मुलांची मिरवणूक निघते, औक्षण होतं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पहिल्या पावलाचा ठसा घेतात, बालभारतीची नवी कोरी पुस्तकं हातात पडतात आणि त्या दिवशीच्या आहारात काहीतरी गोड असतं. दोन-चार मुलं मोठ्यानं रडत असतात. त्यांच्या आज्या खिडकीबाहेरून हलत नाहीत.

पाठोपाठ आषाढी. पावसाच्या सरी चुकवत शाळेची दिंडी गावातून फिरते. पहिलीतला विठोबा कमरेवरचे हात दुखले की खाली सोडतो आणि बाई खुणेनं पुन्हा वर ठेवायला सांगतात. मुलींच्या डोक्यावर तुळशी, मुलांच्या हातात टाळ, पालखीत पुस्तकं किंवा रोपं. वारकरी घरांतली माणसं अभंग सांगायला आपणहून येतात. शाळेच्या फाटकात एरवी पाऊल न टाकणारे आजोबा दिंडीच्या पुढे पखवाज घेऊन चालतात आणि संपल्यावर वर्गात बसून चहा पितात.

पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, कवायत, लेझीम हे सारं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याच्यामागे घडणारी एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती बंधनकारक केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा, आलेल्या पैशावर हिनंच लक्ष ठेवायचं, पोषण आहार नीट शिजतो की नाही हे हिनंच पाहायचं. कायद्यानं शेतमजूर आईला शाळेच्या कारभारात मत दिलं, ही साधी गोष्ट नाही. व्यवहारात अनेक ठिकाणी सही घरी पाठवून घेतली जाते आणि सभा वहीतच होते, हेही खरं. म्हणून पालकसभेला किती खुर्च्या भरतात हे मोजावंसं वाटतं.

समितीचं मोल काय, हे २०२४-२५ मध्ये राज्यभर दिसलं. तोवर गणवेशाचं कापड आणि शिलाई समिती ठरवत असे. गावातला किंवा तालुक्याचा शिंपी शाळेत येऊन मापं घेई. त्या वर्षी सरकारनं सगळ्या राज्यासाठी एकच गणवेश वरून पुरवायचं ठरवलं. अनेक शाळांत तो स्वातंत्र्यदिन उलटला तरी पोचला नाही, जिथे पोचला तिथे मापं जुळेनात, तक्रारी विधिमंडळापर्यंत गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा समितीकडे दिला. तिसरीतल्या मुलाच्या खांद्याचं माप मुंबईत बसून घेता येत नाही. ते त्या गावातल्या माणसानंच घ्यायला हवं.

शाळेचं स्वयंपाकघरही असंच गावाच्या हातात आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली तेव्हा महिन्याचा तांदूळ घरी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेच्या आवारात चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य हा हिशेब. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत, एका भगुल्यातलं जेवतात ही रोजची घटना आहे म्हणून तिची बातमी होत नाही. पण आपल्या गावांचा इतिहास आठवला तर वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम हाच, आणि तो रोज होतो. कुणाच्या घरी वाढदिवस असला, नवसाचं काही असलं तर त्या घरचं जेवण शाळेला दिलं जातं. खिचडीच्या जोडीला त्या दिवशी शिरा किंवा जिलबी येते.

नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोंडला होतो. मुली फेर धरतात, डबा हलवून खिरापत ओळखायला लावतात आणि मुलगेही आता फेरात उभे राहतात. मग सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी.

या सुट्टीनंतर महाराष्ट्राच्या एका मोठ्या भागात शाळेचं वर्ष दुभंगतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, धारूर, शिरूर कासार अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यावर, आणि मुलं एक तर त्यांच्याबरोबर किंवा आजीकडे. ऑगस्टमध्ये लेझमीच्या पहिल्या रांगेत असलेली मुलगी जानेवारीत कोपीच्या दारात धाकट्याला सांभाळत बसलेली असते. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देतात, ते दाखवलं की जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं. मुलाच्या दप्तरातला हा कागद खरोखर चालावा म्हणून तिकडच्या शाळेला फोन करणारे, फडावर जाऊन चौकशी करणारे शिक्षक आहेत. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. स्नेहसंमेलनाची तारीख ठरवताना टोळ्या परत येण्याची वाट पाहायला हवी, असं मला मनापासून वाटतं. निम्मा वर्ग फडावर असताना केलेलं संमेलन त्या गावाचं कसं म्हणायचं?

नोव्हेंबरात ७ तारखेला विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. २०१७ पासून राज्यातल्या शाळा हा दिवस पाळतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. नऊवारी नेसलेल्या, आडवं कुंकू लावलेल्या छोट्या सावित्रीबाई वर्गावर्गांतून हिंडतात. संक्रांतीला हळदीकुंकू आणि माता-पालक मेळावा एकत्र होतो. पण हळदीकुंकू म्हटलं की विधवा आईला वगळायची जुनी रीत आडवी येते. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाळेच्या हळदीकुंकवाला मुलाची आई एवढी एकच ओळख पुरेशी असावी, आणि ज्या शाळांनी ही रीत घातली त्यांनी गावाला पुढे नेलं.

हिवाळ्यात बाल आनंद मेळावा भरतो. मुलं पटांगणात बाजार मांडतात : घरची मेथी, बोरं, उकडलेल्या शेंगा, भेळ, लिंबू सरबत. तराजू खरा, सुटे पैसे खरे. वजाबाकीत अडणारा मुलगा इथे पन्नासच्या नोटेतून सदतीस वजा करून तेरा रुपये झटकन परत देतो, आणि गणिताची भीती कुठून येते याचा विचार बाईंना करावा लागतो.

आणि स्नेहसंमेलन. गावाच्या भाषेत गॅदरिंग. त्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते. पाठांतर, नाच, नाटिका, तालुक्याच्या गावाहून भाड्यानं आणलेले पोशाख. मंच कधी पक्का असतो, कधी दोन ट्रॉल्या जोडून केलेला. संध्याकाळी गाव सतरंज्या घेऊन येतं. पुढे मुलं, मागे बाया, कडेला उभे पुरुष, झाडावर आणि कंपाउंडवर माजी विद्यार्थी. शेतकरी नृत्य, कोळीगीत, पोवाडा, हुंड्यावरची नाटिका यांतलं काही ना काही असतंच. नाच रंगला की मंचाकडे नोटा येऊ लागतात. दहा, पन्नास, शंभर. गुरुजी एका हातात माइक आणि एका हातात वही घेऊन नावं पुकारतात, देणाऱ्याचं आणि ज्या मुलासाठी दिले त्याचं. एकानं पन्नास दिले की दुसरा शंभर देतो, मुंबई-पुण्याहून आलेला चाकरमानी पाचशे देतो. रात्री अकरा वाजता वहीची बेरीज होते. दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर लिहिली जाते.

हे पैसे हा गॅदरिंगचा खरा गाभा आहे. त्यातून शाळेला टीव्ही येतो, पाणी शुद्ध करायचं यंत्र येतं, भिंती रंगतात, थकलेलं वीजबिल भरलं जातं. वीजबिलाचं दुःख तर प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. शाळेच्या मूलभूत गरजा लोकवर्गणीतून भागाव्यात हे मला पटत नाही, ते सरकारचं काम आहे. तरीही हिशेब फळ्यावर लिहिला जातो तेव्हा गावाला आपल्या पैशाचं काय झालं हे विचारायची सवय लागते, आणि तीच सवय पुढे सरकारी निधीबद्दल प्रश्न विचारते.

माझी तक्रार आहे ती परिपत्रकातून येणाऱ्या कार्यक्रमांबद्दल. आज हा सप्ताह, उद्या ते अभियान, परवा ती शपथ. फोटो काढा, लिंकवर चढवा, संध्याकाळपर्यंत माहिती भरा. दोन शिक्षकांवर सगळे वर्ग असतात. एक फोटो चढवत असला की दुसऱ्यानं सगळ्या मुलांना एका खोलीत बसवायचं. यातल्या कित्येक दिवसांमागचा हेतू चांगला असतो. पण ज्याला गावातलं कुणी आलं नाही आणि ज्यातून मुलाच्या हाती काही लागलं नाही, तो कार्यक्रम फक्त अहवालात होतो. असे उपक्रम निम्म्यानं कमी करावेत आणि तो वेळ मेळाव्याला, बाजाराला, पालकसभेला द्यावा.

कारण वेळ कमी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली. राज्यात इतक्या कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा असल्याचं तेव्हा समोर आलं. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, विषयाला शिक्षक मिळतात, हे म्हणणं खोटं नाही. पण मूल बसनं दहा किलोमीटरवर गेलं की रोजंदारी बुडवून पालकसभेला कोण जाणार? दिंडीपुढे पखवाज घेऊन कोण चालणार? शाळा हलवताना बाकं आणि कपाटं नेता येतात, ही माणसं नेता येत नाहीत.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावातली शाळा उघडेल तेव्हा मूल तिथे शिकत असो वा नसो, एकदा ओट्यावरचा फळा वाचून या. शाळा व्यवस्थापन समितीची निवड कधी आहे आणि गेल्या वर्षीचा हिशेब कुठे लावला आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. घरातलं मूल त्या शाळेत असेल तर पालकसभेला त्याच्या आईला न्या आणि समितीसाठी तिचं नाव सुचवा.