अमृतांजन पुलाचं वय

भिवंडीकरांचा नेहमीचा घाट म्हणजे कसाऱ्याचा. आग्रा रोडला लागलं की शहापूर, कसारा आणि पुढे इगतपुरी. त्या थळघाटातला एहेगावचा रेल्वेचा उंच पूल अजूनही गाड्या पेलतो आहे. रेल्वेने टाकून दिलेल्या पुलाची गोष्ट हवी असेल तर मात्र वाट वाकडी करून बोरघाटात, खंडाळ्याला जावं लागतं. तिथला पूल ज्यांनी पाहिला होता, त्यातल्या कित्येकांना तो रेल्वेचा होता याचा पत्ताच नव्हता. वर वेदनाशामक बामची जाहिरात होती म्हणून नाव पडलं अमृतांजन पूल.

वर्तमानपत्रांनी त्याचं वय बिनदिक्कत 190 वर्षं छापलं. 1830 सालचा पूल म्हणे. पण 1830 हे बोरघाटातल्या गाडीरस्त्याचं साल. विलायतेत लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तीच त्या वर्षीच्या सप्टेंबरात. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली 1853 मध्ये आणि बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला 1863 मध्ये. मग खंडाळ्यात आगगाडीचा पूल 1830 ला कुणासाठी बांधणार? रेल्वेचा म्हणून त्याच्या वयातून तीसेक वर्षं वजा केलेली बरी.

त्याची गरज का पडली, हे समजायला घाटाची चढण बघावी लागते. सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढायचं आणि काही ठिकाणी दर 37 फुटांना एक फूट चढ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी तोडगा काढला तो ‘रिव्हर्सिंग स्टेशन’चा. कड्यावर गाडीला वळसा घ्यायला जागा नाही, म्हणून तिने सरळ एका बंद टोकाच्या रुळावर जाऊन थांबायचं. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकाला येऊन जोडलं जायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढू लागायची. मघाशी शेवटी असलेला डबा आता पहिला. अमृतांजन पूल या जुन्या मार्गाचा भाग.

हे काम स्वस्तात झालं नाही. 1861 च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते आणि पटकीने त्यांतले किती गेले याची मोजदाद अंदाजानेच करावी लागते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये मुंबईत उतरले आणि काही दिवसांतच वारले. कंत्राट पुढे निभावलं ते त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी. आज घाटात त्यांच्या नावाची चार लोकांना माहीत असलेली एकही जागा नाही, याचं मला नवल वाटतं. घाईची किंमतही मोजावी लागली. याच घाटातला म्हाऊ-की-माळी इथला 50-50 फुटी आठ कमानींचा पूल जुलै 1867 च्या पावसाळ्यात कोसळला आणि जीआयपीच्या दगडकामाबद्दल बोंब उठली. बाहेरून घडीव दगड, आत भरड भरणा. आजच्या कंत्राटांची आठवण झाली तर दोष वाचकाचा नाही.

1929 मध्ये घाटात वीज आली, नवा मार्ग बोगद्यांतून निघाला आणि उलटापालट संपली. पुढच्याच वर्षी दख्खनची राणी धावली ती तोंड न फिरवता. पूल मात्र उभाच राहिला. खालून द्रुतगती मार्ग गेला आणि पुलाचे खांब अवघड वळणावर वाहतुकीच्या आड येऊ लागले. कोंडीत अडकलेल्या एसटीच्या खिडकीतून कमानीच्या पोटातले पाचरीसारखे दगड नीट दिसायचे. एकमेकांवर रेटून बसलेले, सांध्यांत चुना काळा पडलेला. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीने रस्ता ओस पडला होता. ती संधी साधून सुरुंग लावून पूल पाडला. अपघात आणि कोंडी पाहता निर्णय चुकला असं म्हणवत नाही, पण निदान दोन कमानी बाजूला कुठे रचून ठेवता आल्या असत्या.

आता जायचं असेल तर भिवंडीहून कल्याण गाठावं आणि पुण्याची गाडी धरावी. कर्जतला मागून ढकलायला ‘बँकर’ इंजिनं लागतात, तेव्हा दाराशी गर्दी न करता खिडकीशी बसावं. मंकी हिलपाशी खाली दरी उघडते. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून घाटाची बाजू न्याहाळता येते. रुळांवर उतरून अवशेष शोधण्याचा मोह आवरावा. तो गुन्हाही आहे आणि जिवाशी खेळही. पावसाळ्यात धुक्यामुळे काही दिसत नाही, ऑक्टोबर उजाडल्यावर निघावं.