टपालातील प्राणिसृष्टी : लेखांक चौदावा – प्राण्यांचे मुक्काम-पोस्ट

फुलपाखरांच्या कार्डांचा संच आज वाचकांपुढे मांडण्याचे मी गेल्या आठवड्यात कबूल केले होते. परंतु मध्यंतरी सांगलीच्या एका वाचकांचे पत्र हाती पडले आणि त्यातील एका प्रश्नाने माझे मन असे व्यापून टाकले, की फुलपाखरांना आणखी एक आठवडा तिष्ठत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पत्रलेखक विचारतात, की चित्र, तिकीट आणि शिक्का या तिहींचा मेळ मॅक्झिमम कार्डावर, म्हणजे चित्राच्या बाजूसच तिकीट लावून त्यावर शिक्का घेतलेल्या चित्रकार्डावर, बसला पाहिजे हे तर ध्यानात आले, विषयाचा मेळ समजला, काळाचाही समजला; पण स्थळाचा मेळ प्राण्यांच्या बाबतीत बसवायचा तरी कसा? ताजमहालाच्या कार्डावर आग्र्याचा शिक्का हवा हे शेंबडे पोरही सांगेल. वाघाच्या कार्डावर कोठला हवा? आणि जो प्राणी या पृथ्वीतलावरून नामशेषच झाला, त्याच्या कार्डावर कोठला?

या प्रश्नाच्या मागे मी स्वतः कित्येक वर्षे धावलो आहे, त्यामुळे त्याचे उत्तर दोन ओळींत देऊन मोकळे होणे मला शक्य नाही. पत्ता लिहिताना आरंभी ‘मु. पो.’ घालण्याची जी आपली जुनी रीत आहे तिच्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, हे पत्र लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मुक्काम म्हणजे माणूस जेथे नांदतो ते गाव, आणि पोस्ट म्हणजे त्या गावाचे टपाल ज्या कचेरीत उतरते ती कचेरी. वाडीवस्तीवर राहणाऱ्या माणसाचा मुक्काम एक असतो आणि पोस्ट दुसरेच असते. वन्य प्राण्याला मुक्काम असतो, पण पोस्ट नसते. ते त्याला शोधून देणे, म्हणजे त्याच्या रानाच्या, पाणथळीच्या किंवा बेटाच्या अगदी लगतची, जिचे नाव शिक्क्यावर वाचताच तो प्राणी डोळ्यांपुढे उभा राहील अशी टपालकचेरी हुडकून काढणे, हेच प्राण्यांची कार्डे जमविणाराचे खरे काम होय, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे.

बाजारात मिळणाऱ्या तयार कार्डांत हे काम बहुधा झालेले नसते. १९८३ सालापासून जागतिक वन्यजीव निधीच्या सहकार्याने निरनिराळ्या देशांनी जी पांडाच्या बोधचिन्हाची तिकिटे काढली, त्यांच्या प्रत्येक संचाबरोबर चार तिकिटे, चार प्रथम दिवस पाकिटे आणि चार मॅक्झिमम कार्डे असा शिरस्ता पडला. ही कार्डे देखणी आहेत, त्यांची छपाई स्वच्छ आहे, आणि माझ्यासारख्या अनेकांना या छंदाची गोडी त्यांनीच लावली. तथापि पुष्कळ कार्डांवरचा शिक्का त्या त्या देशाच्या राजधानीचा आहे, कारण नवे तिकीट प्रथम तेथे विक्रीस निघाले. तिकिटाच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. मात्र कार्डावरचे जनावर त्या राजधानीच्या आसपासही कधी फिरकले नसेल, तर चित्र आणि शिक्का एकमेकांशी बोलत नाहीत. ही कार्डे मी आदराने, पण वेगळ्या संग्रहवहीत ठेवतो.

सिंहाचा पत्ता मिळविण्यासाठी मी जी खटपट केली ती सांगण्यासारखी आहे. १९६३ साली आपल्या टपाल खात्याने गवा, तांबडा पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह अशी पाच वन्यप्राण्यांची तिकिटे काढली, आणि १९७६ च्या संचात बारशिंगा, बिबळ्या व शशकर्ण यांच्या पंगतीला सिंह पुन्हा एकदा आला. आशियाई सिंह रानात मोकळा नांदतो तो सौराष्ट्रातच, सबब त्याच्या पत्त्याविषयी संदेह नव्हता. सिंहाचे जुने चित्रकार्ड मजपाशी होते. त्याच्या चित्राच्या बाजूस १९७६ चे तिकीट लावून, सविस्तर विनंतीपत्र जोडून, ते मी त्या मुलुखातील एका टपालकचेरीकडे रवाना केले. पंधरा दिवसांनी कार्ड परत आले ते चित्रावर शाईचा असा काळाकुट्ट डाग घेऊन, की सिंहाची आयाळ कोठे संपते आणि शिक्का कोठे सुरू होतो हे भिंगानेही उमगेना. सोबतच्या चिठ्ठीत, तिकीट पत्त्याच्या बाजूसच लावावे, अशी समज दिलेली होती. दुसरे कार्ड मी टपालाने पाठविले नाही. ते वहीत घालून जुनागढ उतरलो आणि तेथून बसने सिंहाच्या रानालगतच्या सासणला गेलो.

सासणच्या कारकुनाने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने शिक्क्याच्या खाचांत साठलेली वाळकी शाई टाचणीने कोरून काढली, तारखेचे आकडे बदलले, टीपकागदावर दोन ठसे उमटवून पाहिले, आणि तिसरा ठसा कार्डावर असा अलगद उमटविला, की शिक्क्याचा थोडा भाग तिकिटावर आणि उरलेला चित्रातील वाळक्या गवतावर पडला. गावाचे नाव आणि तारीख ही दोन्ही त्या फिकट गवतावर स्वच्छ वाचता येतात. ठसा वाळेपर्यंत त्याने कार्ड माझ्या हाती दिले नाही. या छंदात मला जे थोडेबहुत यश आले त्याचा मोठा वाटा अशा अनामिक कारकुनांचा आहे. छंद करू इच्छिणाऱ्या तरुणांना माझे आवर्जून सांगणे आहे, की प्रत्येक कार्डाबरोबर एक कोरा कागद ठशाच्या परीक्षेसाठी द्यावा आणि ठसा नेमका कोठे हवा ते कागदावर आकृती काढून दाखवावे.

सिंहाचा पत्ता एक, म्हणून सोपा. याच्या उलट ज्याच्याविषयी मी वर्षानुवर्षे स्वतःशी वाद घातला, ते कार्ड आहे महाधनेशाचे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले महाराष्ट्रीय डॉक्टर होते, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. संस्थेच्या शताब्दीनिमित्त १९८३ साली एक रुपयाचे जे तिकीट निघाले त्यावर महाधनेश आहे. माझ्या कार्डावर त्याच पक्ष्याचे चित्र आहे आणि शिक्का आहे मुंबईचा. एका ज्येष्ठ संग्राहक मित्राने ते पाहून हरकत घेतली, की महाधनेश सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात राहणारा. मुंबईच्या गजबजाटात त्याचे काय काम? तिकीट संस्थेचे आहे आणि संस्था मुंबईची आहे, असे उत्तर मी तेव्हा दिले. पण ते उत्तर वकिली होते, त्याने माझेच समाधान झाले नव्हते.

पुढे संस्थेचा इतिहास वाचताना ‘विल्यम’ भेटला आणि माझा सारा संशय फिटला. १८९४ साली कारवारहून महाधनेशाचे हे पिल्लू संस्थेला भेट म्हणून आले. संस्थेचे कार्यालय त्या काळी तिचे मानद चिटणीस फिप्सन यांच्या दारूच्या पेढीच्या आवारात होते, आणि विल्यमचा पिंजरा चिटणिसांच्या खुर्चीच्या मागे. तेथे तो सव्वीस वर्षे राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी फेकलेले फळ आपल्या प्रचंड चोचीत अचूक झेलणाऱ्या या पक्ष्याने एकदा पेटती सिगार गिळली आणि तरी त्याला काही झाले नाही. अखेर १९२० साली त्याचा अंत झाला तो तारेचा तुकडा गिळल्याने, असे सांगतात. संस्थेच्या बोधचिन्हावर महाधनेश बसला आणि तिच्या शहीद भगतसिंग मार्गावरील वास्तूला हॉर्नबिल हाऊस हे नाव मिळाले, त्यामागे हाच पक्षी आहे. सव्वीस वर्षे ज्याने मुंबईत काढली, त्याचा मुक्काम-पोस्ट मुंबई न म्हणावे तर काय म्हणावे? कारवारच्या शिक्क्याचे कार्डही मी पुढेमागे करीन, कारण जन्मगाव ते जन्मगाव. परंतु मुंबईचे कार्ड आता मी बिनदिक्कत अग्रभागी लावतो.

काही प्राणी मात्र असे भाग्यवान, की पोस्टच त्यांच्या मुक्कामी चालून आलेले असते. अंटार्क्टिकातील पोर्ट लॉकरॉय येथे १९४४ साली ब्रिटिशांनी जे ठाणे उभारले, तेथे आज संग्रहालय आणि टपालकचेरी आहे, आणि तिच्या भोवती जेंटू पेंग्विनांची घरटी आहेत. येथून टाकलेली कार्डे जहाजाने फॉकलंड बेटांकडे जातात आणि तेथून पुढे. जगाच्या पाठीवर पोहोचायला त्यांना महिनेच्या महिने लागतात. असे एक कार्ड मजपाशी आहे.

अधिक विचार करायला लावतो तो स्थलांतर करणारा पक्षी, कारण त्याचे मुक्काम दोन. सायबेरियन क्रौंच पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात अंडी घालावयाचा आणि हिवाळ्यात भरतपूरच्या केवलादेव पाणथळीवर उतरावयाचा. १९८३ साली भरतपूरला क्रौंच पक्ष्यांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा आपल्या टपाल खात्याने दोन रुपये पंच्याऐंशी पैशांचे क्रौंचाचे तिकीट काढले. तिकीट भारताचे, म्हणून शिक्काही भारताचाच हवा, आणि भारतात या पक्ष्याचा म्हणण्यासारखा पत्ता तो भरतपूरचाच. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तेथे सुमारे दोनशे क्रौंच मोजले गेले होते. २००२ नंतर एकही आला नाही. त्या कार्डावरचे गाव आजही आहे, टपालकचेरीही आहे, पण १९८३ च्या त्या शिक्क्यात जो मेळ होता तो आज मारलेल्या शिक्क्यात येणार नाही. गेल्या दोन लेखांकांत काळाच्या मेळाविषयी मी इतका आग्रह का धरला, ते कोणाला नियमापेक्षा उदाहरणाने कळावे असे वाटत असेल, तर त्याने हे कार्ड पाहावे.

आता सांगलीकरांचा खरा प्रश्न : नामशेष प्राण्याचे काय? उदाहरणासाठी डोडोच घेऊ. मॉरिशस बेटावरचा हा उडता न येणारा पक्षी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कायमचा नाहीसा झाला. त्याला आज मुक्काम नाही. परंतु १८६५ साली त्या बेटाच्या आग्नेय भागात, माहेबूर गावाजवळच्या मार-ओ-साँज नावाच्या दलदलीतून जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांनी डोडोची हाडे विपुल प्रमाणात बाहेर काढली, आणि या पक्ष्याच्या देहाविषयी जे काही निश्चितपणे सांगता येते त्याचा मोठा भाग त्या हाडांवर उभा आहे. जिवंत प्राण्याचा पत्ता त्याच्या रानात शोधावा, गेलेल्याचा पत्ता त्याच्या अस्थींपाशी शोधावा, हे माझे उत्तर आहे. डोडोच्या कार्डावर शिक्का हवा माहेबूरचा.

तिकिटांची तर ददात नाही. मॉरिशसने १९५० साली बारा सेंटांच्या तिकिटावर बेटाच्या नकाशासोबत डोडो छापला आणि त्यानंतरही त्याला वेळोवेळी स्थान दिले. मात्र जुने तिकीट चालणार नाही. शिक्का पडेल त्या दिवशी तिकीट टपालासाठी ग्राह्य असले पाहिजे, हा नियम येथे आडवा येतो, म्हणून अलीकडचे तिकीट घ्यावे. उरले चित्र. युरोपीय चित्रकारांनी काढलेले डोडो पुष्कळ आहेत, पण मी निवडले ते सेंट पीटर्सबर्ग येथे असलेले, जहांगीर बादशहाच्या दरबारातील उस्ताद मन्सूरचे मानले जाणारे, १६२५ च्या सुमाराचे चित्र. त्यात मध्यभागी डोडो उभा आहे आणि त्याच्या चहूबाजूंना चिमुकला पोपट, ट्रॅगोपान, पट्टकादंब आणि पखुर्डी असे इतर पक्षी आहेत. एका कार्डावर इतके पक्षी म्हणजे विषयाचा मेळ सैल झाला, असा आक्षेप कोणी घेईल; परंतु नजर जाते ती मधल्या स्थूल, उदास पक्ष्याकडेच.

सुरतेच्या वखारीत दोन जिवंत डोडो पाहिल्याचे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच सुमारास लिहून ठेवले आहे. तेव्हा शिक्का सुरतेचा का नको, असा मोह मलाही झाला होता! पण मॉरिशसच्या तिकिटावर भारताचा शिक्का पडू शकत नाही, आणि भारताच्या तिकिटासाठी या कार्डापुरता हट्ट धरण्यात अर्थ नाही. तूर्त सुरतेला बाजूला ठेवणे भाग आहे.

माहेबूरचा शिक्का मला मिळाला तो कोकणातून पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या एका मराठी कुटुंबातील सद्गृहस्थांमुळे. मी पाठविलेली तीन कार्डे घेऊन ते स्वतः त्या गावी गेले, तेथली तिकिटे विकत घेऊन लावली, आणि ठसे आपल्या डोळ्यांदेखत उमटवून घेतले. पाकिटात त्यांनी दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घातला होता आणि तिन्ही कार्डांच्या मध्ये पातळ कागद. पहिल्या कार्डावर गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरे तिकिटाच्या दात्यांत हरवली आहेत. दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर नाव पूर्ण वाचता येते. पत्रलेखकांनी आपला पत्ता संपादकांमार्फत कळवावा. तिसरे कार्ड मी त्यांच्यासाठी काढून ठेवले आहे.