मदतनीस बिशपची गोष्ट



आमस्टरडॅमच्या ग्रूनबुर्खवाल कालव्याकाठी इंग्रजांचे क्राइस्ट चर्च आहे. ते ॲंग्लिकन पंथाचे. (बेखाइनहोफमधले इंग्रजी चर्च वेगळे, ते स्कॉटलंडच्या चर्चशी जोडलेले आहे.) ॲंग्लिकन पंथात एका मोठ्या धर्मप्रांताचा प्रमुख म्हणजे बिशप. मुलांचे दृढीकरण आणि नव्या धर्मगुरूंची दीक्षा बिशपच्याच हातून व्हावी लागते. ही कामे पत्राने होत नाहीत.

१६३३ साली परदेशांतील इंग्रजी चर्चे लंडनच्या बिशपांच्या अखत्यारीत आली. पण इतक्या दूर जाणार कोण? म्हणून १८८४ मध्ये उत्तर व मध्य युरोपचे काम टिटकॉम्ब यांच्याकडे सोपवले. ते पूर्वी रंगूनचे पहिले बिशप होते. पुढे १९२६ मध्ये याच कामासाठी लंडनच्या हाताखाली 'फुलहॅमचे बिशप' हे पद निघाले. पहिले बिशप बॅटी.

अशा बिशपला 'सफ्रॅगन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाठिंबा किंवा मत. सफ्रॅगन हा पुरा बिशपच असतो, पण प्रांत दुसऱ्याचा. आपल्या इतिहासातला मुतालिक आठवा: अधिकार धन्याचा, कारभार मात्र हा पाहणार.

महाराष्ट्रातही असेच घडले. १९२५ मध्ये फिलिप लॉइड मुंबईच्या बिशपांचे सहायक झाले. १९२९ मध्ये नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि तेच त्याचे पहिले बिशप झाले.

युरोपला याच वाटेने जायला अर्धशतक लागले. १८४२ पासूनचा जिब्राल्टरचा प्रांत आणि फुलहॅमकडचा युरोप यांचा मिळून १९८० मध्ये एक धर्मप्रांत झाला. तो इतका पसरलेला, की त्यालाही लगेच मदतनीस लागला! 'युरोपचे सफ्रॅगन बिशप' या नव्या पदावर ॲम्ब्रोज वीक्स आले.

फुलहॅमचे नाव मात्र गेले नाही. १९८२ पासून ते पुन्हा लंडनच्या एका सफ्रॅगनला मिळाले, पण युरोपचे काम त्याच्याकडे राहिले नाही. आम्हा संगणकवाल्यांना यात नवल नाही: फाईलचे नाव जुनेच राहते, आतला मजकूर बदलतो.

तेव्हा 'दुय्यम' म्हणजे कमी महत्त्वाचा, असे समजू नये. मुख्य माणूस दूर असतो, तेव्हा दारात येऊन उभा राहतो तो मदतनीसच.

गृहपाठ: मुतालिक, नायब, सरनौबत. यांत मदतनीस कोण आणि प्रमुख कोण? घरी विचारून या.