घासून काय जातं?

जुन्या लष्करी बिल्ल्यांना पॉलिश करावं का?

सणावाराच्या आधी समया, ताम्हन, घरातले देव चिंचेनं घासून लख्ख करायचे, हे आपल्या हाताच्या वळणीच पडलं आहे. काळवंडलेलं पितळ म्हणजे घरच्यांचा आळस, असा आपला साधा हिशेब. त्यामुळे जुन्या बाजारात किंवा पणजोबांच्या ट्रंकेत एखाद्या पलटणीचा टोपीवरचा बिल्ला सापडला, की हात आपोआप चिंचेकडे नाहीतर पॉलिशच्या डबीकडे जातो. पण समई उद्याही लागणार आहे, तिचं काम संपलेलं नाही. बिल्ल्याचं काम संपलं आहे. आता त्याच्याकडून हवी आहे ती साक्ष, आणि तिच्यातला बराचसा भाग धातूच्या अगदी वरच्या, केसाहून पातळ थरात असतो. घासताना पहिल्यांदा जातो तो हाच थर. म्हणून जुन्या बिल्ल्यावरचा मळ जरूर काढावा, पण पॉलिश करू नये, असं माझं मत आहे.

साक्ष म्हणजे काय, हे मराठा पलटणींच्या उदाहरणावरून पाहता येईल. 1922च्या पुनर्रचनेत 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या क्रमांकांच्या सहा पलटणी एकत्र येऊन 5वी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. खांद्यावरच्या पितळी अक्षरपट्टीवर यांपैकी जुना क्रमांक असेल, तर तिचा नमुना त्या पुनर्रचनेच्या आधीचा ठरतो. महार रेजिमेंट 1941 साली बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे तो जाऊन खंजीर आला. प्रजासत्ताकानंतर भारतीय बिल्ल्यांवरचा ब्रिटिश मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. या ठळक खुणा पॉलिशनं लगेच पुसल्या जात नाहीत, हे खरं. मात्र त्या फक्त नमुन्याचा काळ सांगतात, हातातली वस्तू त्याच काळातली आहे की नाही हे सांगत नाहीत. जुने ठसे वापरून नंतर पाडलेले बिल्ले आणि सरळसरळ नकला बाजारात भरपूर आहेत आणि पुढून त्या अस्सल मालासारख्याच दिसतात. जाणकार म्हणूनच बिल्ला हातात घेतला की आधी उलटा करतो. मागच्या कड्यांभोवतीचं डाखकाम, बनवणाऱ्याचा बारीक छाप, टोपीच्या कापडावर घासून आलेली झीज, बोट न पोचणाऱ्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षं मुरलेली काळोखी, हे सगळं त्याला तिथे वाचायचं असतं. पाठ घासून चकचकीत केलेला बिल्ला अस्सल असला, तरी ते सिद्ध करायला त्याच्याजवळ फारसं काही उरत नाही.

शिवाय लष्करी धातू म्हणजे चमकणारा धातू, हा समजच अर्धवट आहे. ब्रिटिश सैन्यात 1902 साली खाकी सर्व्हिस ड्रेस आला तेव्हा त्यावर लावायचे अधिकाऱ्यांचे बिल्ले मुद्दाम काळपट तपकिरी, कांस्यरंगी केलेले असत. रायफल पलटणींत काळी बटणं आणि काळे बिल्ले वापरायची परंपरा होती, कारण आडोशाला बसलेल्या नेमबाजाच्या अंगावर काही लकाकलं तर तो शत्रूला दिसायचा. असा काळा किंवा तपकिरी बिल्ला घासून खालचं पिवळं पितळ उघडं केलं, तर स्वच्छतेच्या नावाखाली त्याचं मूळ रूपच उतरवलं जातं. इटलीत 1944 साली लढताना मरण पावलेले नाईक यशवंत घाडगे आणि 1945 साली पराक्रम गाजवणारे नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश साम्राज्याचं ते सर्वोच्च शौर्यपदकही गडद कांस्याचं असतं आणि त्याचा तो गडदपणा मुद्दाम दिलेला असतो. सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा असलेल्या बिल्ल्यांची गत आणखी नाजूक. मुलामा इतका पातळ असतो की दरवेळच्या पॉलिशबरोबर तो फडक्यावर उतरत जातो आणि उंच भागांवर खालचा धातू डोकावू लागतो.

पॉलिशच्या डबीत काय असतं, हेही पाहायला हवं. त्यात धातू खरवडणारी बारीक पूड असते आणि पितळेसाठीच्या अनेक जुन्या पद्धतीच्या पॉलिशमध्ये अमोनियाही असतो. अमोनिया आणि पितळ यांच्या वैराचा धडा इंग्रज फौजेला हिंदुस्थानातच मिळाला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकत. ठोकून आकार दिलेल्या पितळेत ताण साठलेला असतो आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत तिथेच घाला घालतो, हा उलगडा पुढे 1921 साली झाला. बिल्लाही ठशाखाली दाबूनच घडवतात. एकदा पॉलिश केल्यानं तो तडकेल असं नाही, पण नक्षीच्या खाचांत अडकून राहिलेलं पॉलिश धातूच्या हिताचं नाही, एवढं यातून कळतं. चिंच-लिंबाची गोष्ट वेगळी. आम्लानं पितळेतलं जस्त पृष्ठभागावरून निघून जातं आणि तांबं मागे राहतं, म्हणून जोरात घासलेल्या पितळेवर कधीकधी गुलाबी झाक दिसते. ती झाक म्हणजे मूळ मिश्रधातूचं वरचं कातडं बदलल्याची खूण.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की शिपाई स्वतः रोज आपला बिल्ला घासत होता. बटणाखाली पट्टी सरकवून, कापडाला डाग न लागू देता पितळ उजळणं हा बराकीतला नित्याचा उद्योग होता. मग चमक हेच त्याचं खरं रूप नव्हे का? आक्षेप खरा आहे, पण तो उलट बाजूला झुकतो. शिपायाच्या घासण्यानं बिल्ल्याचे उंचवटे विशिष्ट तऱ्हेनं गुळगुळीत झाले आणि ती झीज आता त्याच्या सेवेची नोंद बनली आहे. आपण वरून घासलं की त्याची झीज आणि आपली झीज वेगळी ओळखता येत नाही. शिवाय झिजलेल्या बिल्ल्याच्या जागी शिपायाला भांडारातून दुसरा मिळत असे. आपल्याला तो देणारं भांडार आता उरलेलं नाही.

दुसरा आक्षेप असा, की हात लावला नाही तर बिल्ला सडेल. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. तांब्या-पितळेवरचा तपकिरी-काळा थर बहुधा स्थिर असतो आणि खालच्या धातूला थोडंफार झाकतोही. हिरवा जंगाल वेगळा. चामड्याला चिकटून राहिलेल्या धातूवर मेणासारखा हिरवा चिकटा जमतो; तो भिंगाखाली लाकडी टोकानं हलकेच उचलून काढावा, त्यानं बिल्ल्याचं भलंच होतं. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके मात्र धोक्याचे. क्षार आणि ओलावा यांच्या संगतीनं ती क्रिया आपलीच आपण चालू राहते, म्हणून असा बिल्ला इतरांपासून वेगळा, कोरड्या जागी ठेवून संवर्धनतज्ज्ञाला दाखवावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतंत्र संवर्धन केंद्र आहे, यावरून हे घरगुती काम नव्हे हे लक्षात यावं. बाकी बिल्ल्यांना मऊ ब्रश पुरतो. फार तर शुद्ध पाण्यात किंचित सौम्य साबण घालून धुवावं आणि पूर्ण कोरडं करावं. मीनाकाम किंवा कापड असलेल्या बिल्ल्यांना तेही नको. खरी निगा साठवणीत असते. लोकर, रबर आणि पीव्हीसीची पाकिटं गंधक नाहीतर क्लोरीनची संयुगं सोडतात, काही लाकडांतून आम्लाची वाफ निघते. आम्लमुक्त कागद, सिलिका जेलची पुडी आणि हाताळताना सुती हातमोजे एवढ्यानं कोकणातल्या पावसाळ्यातही पुष्कळ काम होतं.

शेवटचा आक्षेप मालकीचा. वस्तू माझी, चमक मला आवडते, मग कुणाचं काय गेलं? कायद्यानं काहीच नाही. पण पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे. एखाद्या हिंदी शिपायाच्या घरात त्याच्या नोकरीचा तेवढाच कागद उरलेला असू शकतो, तोही धातूचा. तो दरवर्षी लख्ख करत गेलं तर एका पिढीच्या आवडीची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात. ज्यांनी बिल्ले आधीच घासले आहेत, त्यांनी ते रसायनानं पुन्हा काळे करू नयेत. तीही एक नक्कलच होईल. तसेच कोरड्या खणात ठेवून द्यावेत. हवेतला प्राणवायू आणि गंधक आपलं काम सावकाश सुरू करतील. गेलेली साक्ष त्यानं परत येणार नाही, पण आहे ती तरी तिथेच थांबेल.