कानांतला वाटाड्या व कोची शहराचें दर्शन

प्रवास हें शिक्षणाचें मोठें साधन आहे, हें वाक्य आमच्या विद्यार्थ्यांनीं निबंधांतून अनेक वेळां लिहिलें असेल. परंतु प्रवास केल्यानें मनुष्य आपोआप शहाणा होतो, असा मात्र अनुभव नाहीं. दूरचें शहर पाहून आलेल्या गृहस्थास काय पाहिलें असें विचारावें, तर "इमारती फार जुन्या होत्या, ऊन फार होतें, आणि जेवण बरें मिळालें," इतकेंच उत्तर पुष्कळदां मिळतें. यांत त्याच्या डोळ्यांचा दोष नसतो. जुन्या शहरांतील दगड आपण होऊन बोलत नाहींत. त्यांची हकीकत सांगणारें कोणीतरी जवळ लागतें. हें काम पूर्वीं क्षेत्रांतील उपाध्ये करीत, पुढें पगारी वाटाडे करूं लागले. आतां हा वाटाड्या प्रवाशाच्या खिशांत व कानांत येऊन बसला आहे. तो कसा काम करितो, त्यास बरोबर घेऊन एकादें जुनें बंदर कसें पाहावें, आणि त्याच्यावर कोठवर विसंबावें, हें एका उदाहरणानें सांगावें असा आमचा विचार आहे. उदाहरणासाठीं आम्हीं कोची शहर घेतलें आहे.

प्रथम साधनाविषयीं. शहराचा माहीतगार मनुष्य एक वाट आंखतो, तिच्यावर दहा-पंधरा थांबे ठरवितो, आणि प्रत्येक ठिकाणीं काय पाहावें हें दोन-चार मिनिटांत बोलून मुद्रित करून ठेवितो. प्रवासी तें मुद्रण घरूनच आपल्या मोबाईलमध्यें उतरवून घेतो व इअरफोन कानांत घालून निघतो. कल्पना अगदीं नवी नव्हे. इ. स. १९५२ मध्यें ॲम्स्टरडॅम येथील स्टेडेलिक संग्रहालयांत असा प्रयोग झाला होता. त्या वेळीं आवाज रेडिओच्या लहरींनीं पोंचविला जाई. त्यामुळें सर्व प्रेक्षकांस एकाच वेळीं एकाच चित्रापुढें उभें राहावें लागे. आतां तें बंधन उरलें नाहीं. पृथ्वीपासून सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांपैकीं निदान चारांच्या खुणा मोबाईल टिपतो, त्या पोंचण्यास लागलेल्या वेळावरून अंतरें काढतो, व त्या अंतरांवरून आपली जागा ठरवितो. मोकळ्या मैदानांत ही जागा कांहीं मीटरांच्या फरकानें कळते, आणि ठरलेल्या थांब्याजवळ येतांच आवाज आपोआप सुरू होतो. जाड भिंतींच्या आंत किंवा अरुंद गल्लींत खूण क्षीण होते. तेथें थांब्याचा आंकडा बोटानें दाबावा लागतो. खासगी सहलीचा विशेष हा, कीं मंडळी आपलीच व चालहि आपलीच. आजीस घटकाभर बसावेंसें वाटलें तर आवाज थांबवितां येतो. धाकट्याचें लक्ष नसेल तर तोच भाग पुन्हां ऐकतां येतो.

आतां शहराकडे वळूं. कोची हें केरळच्या किनाऱ्यावरील बंदर. त्याच्या उत्तरेस पेरियार नदीच्या मुखाशीं मुझिरिस नांवाचें प्राचीन बंदर होतें, व तेथें रोमन साम्राज्यांतील व्यापारी मिऱ्यांसाठीं येत. इ. स. १३४१ च्या महापुरानें तें बंदर गाळानें भरलें आणि कोचीचें मुख मोकळें झालें, असें इतिहासकार मानतात. म्हणजे या शहराचा जन्मच पाण्याच्या लहरीनें झाला. पुढें इ. स. १५०० मध्यें कब्राल या पोर्तुगीज दर्यावर्द्याचीं जहाजें येथें आलीं, व १५०३ मध्यें राजाच्या अनुमतीनें पोर्तुगीजांनीं येथें किल्ला उभारला. युरोपीय लोकांचा हिंदुस्थानांतील हा पहिला किल्ला होय. १६६३ मध्यें डचांनीं पोर्तुगीजांस घालविलें. १७९५ मध्यें इंग्रजांनीं डचांस घालविलें. तिघांच्या भाषा निराळ्या, पंथ निराळे. परंतु तिघांसहि येथें ओढून आणणारी वस्तु बव्हंशीं एकच, आणि ती आपल्या स्वयंपाकघरांतील डब्यांत आजहि असते. ती म्हणजे काळें मिरें!

एर्नाकुलमहून होडीनें फोर्ट कोचीस जावें, हें उत्तम. शहर समुद्राकडून पाहिलें म्हणजे तें बंदर आहे हें पटतें. उतरल्यावर किनाऱ्यानें थोडें चाललें कीं चिनी जाळीं दिसतात. लांकडी वाशांच्या मोठ्या सांगाड्यास पुढें जाळें टांगलेलें असून मागें दोरांनीं जड दगड लोंबत असतात. पुस्तकांतील तरफेचा हा प्रत्यक्ष धडाच आहे. तोल इतका नेमका साधलेला असतो, कीं एक मनुष्य मुख्य वाशावरून पुढें चालत गेला तरी त्याच्या भारानें जाळें पाण्यांत उतरतें. वर ओढण्यास मात्र चार-सहा माणसें लागतात. चिनी दर्यावर्द्यांनीं हीं जाळीं आणिलीं ही कथा सर्वत्र सांगतात. उलट कांहीं अभ्यासक, जाळ्याच्या भागांचीं नांवें पोर्तुगीज भाषेंतील आहेत असें दाखवून, पोर्तुगीजांनीं तीं मकाव येथून आणिलीं असावीं असें म्हणतात. कानांतला आवाज बहुधा पहिलीच कथा सांगतो, कारण ती ऐकण्यास गोड आहे. मासळी पूर्वींइतकी मिळत नाहीं, लांकूड व दोर महाग आहेत, आणि जाळें राखणें कठीण झालें आहे, ही गोष्ट मात्र जाळें ओढणाऱ्यासच विचारावी लागते.

तेथून जवळच सेंट फ्रान्सिसचें मंदिर आहे. मूळचें लांकडी मंदिर काढून पोर्तुगीजांनीं दगडी मंदिर बांधिलें, तें १५१६ मध्यें पुरें झालें. पोर्तुगीजांच्या वेळीं रोमन कॅथलिक, डचांच्या वेळीं प्रॉटेस्टंट, इंग्रजांच्या वेळीं अँग्लिकन, व आज चर्च ऑफ साऊथ इंडियाचें, अशीं स्थित्यंतरें या एकाच वास्तूनें पाहिलीं. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं कोचींत मरण पावला व येथें पुरला गेला. पुढें १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालास नेल्या. त्याच्या थडग्याची जागा पाहण्यास सर्व प्रवासी गर्दी करितात. परंतु त्याच मंदिरांत वर दृष्टि टाकिली तर उपासकांच्या बांकांवर टांगलेले जुने लांब पंखे दिसतात. त्यांचे दोर बाहेरून ओढीत. आंत प्रार्थना चाले तेव्हां बाहेर उन्हांत बसून दोर ओढणाऱ्या माणसाचें नांव कोणत्याच शिळेवर कोरलेलें नाहीं. प्रभूच्या घरांत उभे असतां आमच्या मुलांनीं वास्को द गामाबरोबर त्याचीहि आठवण करावी, असें आम्हांस वाटतें.

पुढचा थांबा सांताक्रूझ बॅसिलिका. पोर्तुगीजांचें जुनें मंदिर इंग्रजांनीं शहर घेतल्यावर पाडलें. आजच्या इमारतीचें काम १८८७ मध्यें सुरू झालें व १९०५ मध्यें तिचें पवित्रीकरण झालें. आंतील चित्रें आंतोनिओ मोस्केनी या इटालियन जेझुइट बंधूच्या हातचीं आहेत. मंगळूरच्या सेंट अलॉयशिअस कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांतील प्रसिद्ध चित्रेंहि त्यानेंच काढिलीं. कोचीच्या मंदिराचें पवित्रीकरण होण्यास थोडे दिवस राहिले असतां तो मरण पावला. आपलें काम पुरें होऊन लोकांनीं पाहावें, एवढेंहि सुख सर्वांस लाभत नाहीं. काम मात्र उरतें.

यानंतर रिक्षानें मट्टनचेरीस जावें. तेथील राजवाडा सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं बांधून कोचीच्या राजास नजर केला, व डचांनीं त्याची डागडुजी केली. म्हणून त्यास लोक 'डच पॅलेस' म्हणतात. मधला चौक, चौकांत भगवतीचें देऊळ, आणि भिंतींवर रामायणाचीं विस्तीर्ण चित्रें अशी त्याची रचना आहे. त्याच्या शेजारींच यहुदी लोकांचें परदेशी सिनेगॉग १५६८ पासून उभें आहे. राजवाडा, देऊळ व सिनेगॉग इतकीं जवळ जवळ आहेत, कीं एका ठिकाणची घंटा दुसरीकडे सहज ऐकूं जावी. सिनेगॉगची जमीन चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची असून प्रत्येक फरशी हातानें रंगविलेली आहे. त्यामुळें कोणत्याहि दोन अगदीं एकसारख्या नाहींत. तेथें पायांतील जोडा काढून जावें लागतें, व शनिवारीं शब्बाथामुळें दार बंद असतें.

या समाजाशीं आपल्या प्रांताचा एक धागा जुळलेला आहे. एकोणिसाव्या शतकांत कोचीच्या यहुदी शिक्षकांनीं कोंकणांतील व मुंबईंतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल बांधवांस हिब्रू प्रार्थना व धर्मविधि शिकविले. त्याच सुमारास मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्यासाठीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींतून लिहिलें. तें १८३२ मध्यें निघालें. इस्राएलचें राष्ट्र १९४८ मध्यें स्थापन झाल्यावर कोचीचीं बहुतेक यहुदी कुटुंबें तिकडे गेलीं. आज गल्लीस 'ज्यू टाऊन' हें नांव आहे, दुकानें आहेत, प्रवासी आहेत. यहुदी कुटुंबें मात्र जवळजवळ उरलीं नाहींत.

दुसरा धागा याहूनहि जवळचा आहे. पोर्तुगीजांच्या धार्मिक छळामुळें गोमंतक सोडलेलीं अनेक कोंकणी कुटुंबें कोचीस येऊन राहिलीं, व त्यांचें तिरुमल देवस्थान आजहि मट्टनचेरींत आहे. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ करविला. त्याचे १२ भाग १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापले गेले. त्या कामीं मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी पंडित होते. त्यांचें कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या भागांत नागरी अक्षरांत छापलेलें आहे. आपण ज्या लिपींत हा लेख वाचीत आहां, तिच्या छपाईच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

आतां आमच्या एका चुकीविषयीं. आम्ही चौघे हें शहर पाहण्यास गेलों, तेव्हां प्रत्येकानें आपला इअरफोन कानांत घातला होता. सिनेगॉगच्या दाराशीं जोडे काढण्याकरितां थांबलों असतां लक्षांत आलें, कीं गेल्या तासाभरांत आम्ही एकमेकांशीं एक शब्दहि बोललों नव्हतों! दोघे पांचव्या थांब्याची हकीकत ऐकत होते, एकजण सातव्याची; आणि सर्वांत धाकट्यानें कंटाळून कधींच आवाज बंद केला होता, पण सांगणार कोणास? एका घरचीं माणसें एकत्र प्रवासास निघून चार निराळ्या शहरांत फिरत होतीं. दुपारनंतर आम्हीं पद्धत बदलली. इअरफोन पिशवींत ठेविले, एकच मोबाईल मधें धरून गर्दीपासून दूर बाजूस बसून ऐकावें, मग तो बंद करून पाहावें, आणि शेवटीं प्रत्येकानें स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावी, असा क्रम ठरविला. मंदिरांतील पंख्यांचे दोर हे त्या धाकट्याचेंच निरीक्षण. सकाळीं तें त्याच्या मनांत होतें; तें ऐकण्यास आम्हांपैकीं कोणाचाच कान मोकळा नव्हता.

यावरून चार नियम सुचवितों. पहिला, मुद्रण घरीं एकदां ऐकून नकाशावर वाट पाहून ठेवावी. दुसरा, उपासनास्थानांत शिरतांना आवाज बंदच असावा. तेथें आपण पाहुणे आहों. तिसरा, रस्त्यानें चालतांना कान मोकळे ठेवावे. मागून येणाऱ्या वाहनाची घंटा कोणत्याहि इतिहासापेक्षां महत्त्वाची आहे. चौथा, प्रत्येक थांब्यावर निदान एक प्रश्न तेथील माणसास विचारावा.

या चौथ्या नियमाचें कारण सांगून लेख पुरा करितों. मुद्रित आवाज एकाच बाजूनें बोलतो. त्यास उलट विचारतां येत नाहीं. याच मट्टनचेरींत ३ जानेवारी १६५३ रोजीं सेंट थॉमसच्या परंपरेंतील हजारों ख्रिस्ती लोकांनीं एका क्रुसास दोर बांधून, ते हातीं धरून, पोर्तुगीज जेझुइटांचा अधिकार यापुढें मानणार नाहीं अशी शपथ घेतली. तिला कूनन क्रुसाची शपथ म्हणतात. ती नेमक्या कोणत्या शब्दांत घेतली, व रोष कोणावर होता, यांविषयीं निरनिराळ्या पंथांचे लोक आजहि निरनिराळें सांगतात. पांच मिनिटांच्या मुद्रणांत इतक्या बाजू मावत नाहींत. त्या ऐकावयाच्या तर माणसांकडेच जावें लागतें, आणि धीरानें ऐकावें लागतें.

कानांतला वाटाड्या हा चांगला सेवक आहे. तो थकत नाहीं, रागावत नाहीं, आणि सांगितलें तेव्हां गप्प बसतो. पालकांनीं त्यास अवश्य बरोबर घ्यावें. परंतु मुलानें "बाबा, हे दोर कशाला?" असें विचारिलें, तर त्या क्षणीं त्यास गप्प करावें, व मुलाचें आधीं ऐकावें.